आमच्या रस्त्याचा नील

सिंगापुरात नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात जो विनोद करतो, तो मीही केला होता. मेट्रोच्या नकाशावर 'तांजोंग पगार' वाचलं आणि नवऱ्याला म्हटलं, "बघ, पगार कुठे मिळतो ते नावातच लिहिलंय." ऑफिसांचे उंच मनोरे तिथेच असल्याने विनोद जरा जास्तच लागू पडतो. खरं तर मलाय भाषेत तांजोंग म्हणजे भूशिर आणि पगार म्हणजे कुंपण. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला, पैसे चुकते करण्याच्या त्यांच्या क्रियापदातून. दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. हे मला ठाऊक होतं, तरी त्याच वस्तीतल्या दुसऱ्या एका नावाने मला दोन वर्षं फसवलं. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरात ते नाव असणार.

ते नाव म्हणजे नील.

आम्ही तांजोंग पगारला राहतो आणि माझी प्रयोगशाळा आउट्रम पार्कला आहे. रोज सकाळी मी नील रोडने चालत जाते. रस्त्याच्या तोंडाशी 1903 सालचं जुनं रिक्षा स्थानक आहे, माणसं ओढत त्या रिक्षांचं. पुढे पाचफुटी व्हरांड्यांची जुनी दुकानघरं, मग 157 क्रमांकाचं बाबा हाऊस. तिथल्या पेरानाकान कुटुंबाचं ते घर आता संग्रहालय झालंय आणि त्याचा रंग आहे गडद निळा. निळं घर, नील रोड. मी कधी पुढचा विचारच केला नाही.

मग मला सातवा महिना लागला आणि घरात नावांची चर्चा सुरू झाली. परदेशातल्या मराठी घरात ही चर्चा कशी चालते, ते तुम्हाला सांगायला नको. नाव छोटं हवं, 'ळ' नको, 'ण' नको, शाळेत मुलांनी चिडवता कामा नये आणि तरी ते आपलं वाटलं पाहिजे. या चाळणीतून शेवटी जी पाच-सहा नावं उरतात, त्यांत नील असतोच. आमच्याकडे त्याला आणखी एक आधार होता. सासऱ्यांचं नाव नीळकंठ. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं, पण आखूड करून. मिरजेहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, तुमच्या रस्त्याचंही तेच नाव ना? मग योगच म्हणायचा."

हा योग मी प्रयोगशाळेत डबा खाताना हसत हसत सांगितला. माझ्याबरोबर चेन्नईची एक सहकारी बसते. ती हसली नाही. म्हणाली, "हा तोच नील. त्याचा पुतळा काढायला आमच्याकडे सत्याग्रह करावा लागला होता."

माझं काम जनुकांच्या आकडेवारीचं आहे. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण पुढचे दोन महिने मी हातातली कामं सोडून या एका नावाच्या मागे लागले. आपल्याकडे कुलवृत्तांत काढणारी मंडळी कशी झपाटलेली असतात, ते तेव्हा कळलं.

नील हे मुळात आयरिश नाव, निआल. त्याचा अर्थ काय यावर एकमत नाही. कुणी ढग म्हणतं, कुणी वीर. पाचव्या शतकाच्या आसपास 'नऊ ओलिसांचा निआल' नावाचा एक राजा होऊन गेला असं आयरिश परंपरा सांगते. त्याच्या वंशजांना उई नेल म्हणत आणि त्यांनी आयर्लंडच्या उत्तर भागावर व मध्यावर काही शतकं राज्य केलं. पण आडनाव या निआलवरून पडलेलं नाही. ते पडलं त्याच कुळातल्या पुढच्या एका निआलवरून, 'काळ्या गुडघ्याचा' असं ज्याचं टोपणनाव होतं. हा 919 साली डब्लिनजवळ व्हायकिंगांशी लढताना मारला गेला. त्याचा नातू डोनल, जो 980 मध्ये वारला, स्वतःला 'ओ नेल' म्हणवू लागला. आयरिशमध्ये 'ओ' म्हणजे नातू आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. म्हणजे ओ'नील हे आडनाव शब्दशः 'निआलचा नातू' असं आहे. आपण आजोबांचं नाव नातवाला देतो आणि तिथे थांबतो. त्यांनी ते सगळ्या पुढच्या पिढ्यांना लावून टाकलं. युरोपात पिढीजात आडनावं सर्वांत आधी जिथे रुजली, त्यांत आयर्लंड येतं. (इथल्या तमिळ लोकांच्या ओळखपत्रावर नाव, मग 'सन ऑफ' आणि मग बापाचं नाव असं असतं. त्या 'सन ऑफ'चा 'मॅक' व्हायचा तेवढा राहिलाय, असं मला अलीकडे सारखं वाटतं.)

या नावाचा पुढचा प्रवास मात्र सरळ नाही. व्हायकिंगांनी आयर्लंडमधून निआल उचलला आणि त्याचा न्याल केला. आइसलँडच्या एका प्रसिद्ध सागाचा नायक न्याल आहे. उत्तरेकडच्या या लोकांबरोबर तो नॉर्मंडीला गेला आणि 1066 नंतर नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात उतरला. तिथल्या लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनांना तो कळेना. लॅटिनमध्ये काळ्याला 'निगर' म्हणतात, त्यावरूनच असणार असं समजून त्यांनी दप्तरात 'निगेलस' लिहिलं. नायजेल हे नाव तिथून निघालं. म्हणजे प्रत्येक नायजेल हा कारकुनाच्या चुकीने झालेला नील आहे. नील, नीअल ही इंग्रजी आडनावं त्याच मुळाची, आणि नीलचा मुलगा तो नेल्सन. लंडनच्या चौकातला खांबावर उभा असलेला नेल्सन नावाने आयरिश निघतो, याची मला फार गंमत वाटली. पण अमेरिकेतल्या मिनेसोटाचे नेल्सन वेगळे. ते बहुतेक स्कँडिनेव्हियातून गेलेले आणि त्यांचा मूळपुरुष निल्स, म्हणजे निकोलस. मंडेलांना तर नेल्सन हे नाव शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी दिलं. वर्गात इंग्रजी नाव लागायचं, म्हणून.

आता हे आडनाव कुठे कुठे आहे ते बघा. 1890 च्या जन्मनोंदींवरून मॅथेसनने आयर्लंडातल्या आडनावांची यादी केली, तीत ओ'नील दहावं आहे. त्यांचा मुख्य गड उत्तरेला अल्स्टरमध्ये, टिरोन आणि अँट्रिम या परगण्यांत. पण क्लेअर, कार्लो, वॉटरफर्ड इथलेही ओ'नील आहेत आणि ते अल्स्टरच्या ओ'नीलांचे भाऊबंद नव्हेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर मॅकनील. बारा बेटावरचे मॅकनील मोठ्या संख्येने कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेले आणि केप ब्रेटनला आज ते आडनाव पावलोपावली भेटतं. आयर्लंडपेक्षा अमेरिकेत ओ'नील जास्त आहेत. त्यांत नाटककार यूजीन ओ'नील आहे आणि बास्केटबॉलवाला शकील ओ'नीलही. दुसऱ्याचे पूर्वज काही आयर्लंडातून बोटीने आले नव्हते. आडनावं रक्ताने पसरतात तशी मालकीनेही पसरतात.

रक्ताचा विषय निघालाच आहे, तर माझ्या धंद्यातलं एक सांगते. 2006 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा अभ्यास केला. वायव्य आयर्लंडात पाचांतल्या जवळजवळ एका पुरुषाकडे एकच खूण सापडली. वर्तमानपत्रांनी लगेच जाहीर केलं की हे सगळे नऊ ओलिसांच्या निआलचे वंशज. पुढे जास्त नमुने आले, जास्त बारकाईने वाचले गेले, तेव्हा ती खूण निआलच्याही आधीची निघाली. निआलचे वंशज ती वाहत असतील, पण ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही असेही पुष्कळ लोक ती वाहतात. पहिली बातमी सगळ्यांनी वाचली, दुसरी कुणीच वाचली नाही. आमच्या क्षेत्रात हे नेहमीचंच.

ओ'नीलांचं राज्य इंग्रजांनी बुडवलं. ह्यू ओ'नीलने नऊ वर्षं झुंज दिली. 1601 मध्ये किन्सेलला तो हरला, 1603 मध्ये शरण आला आणि 1607 मध्ये जहाजात बसून कायमचा देश सोडून गेला. रोममध्ये 1616 साली तो वारला. अल्स्टरच्या जमिनी मग इंग्लंड-स्कॉटलंडमधून आणलेल्या वसाहतवाल्यांना वाटल्या गेल्या. त्याआधीच, 1606 मध्ये, कॉन ओ'नील नावाच्या सरदाराच्या जमिनी दोन स्कॉटिश माणसांनी पदरात पाडून घेतल्या होत्या, आणि ते दोघेही एअरशायरचे होते. पुढच्या दोन शतकांत अनेक आयरिश कुटुंबांनी नावापुढचा 'ओ' गाळून टाकला. इंग्रजी अमलात तो अडचणीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी राष्ट्रीय भावना जागी झाली, तेव्हा तो परत लागू लागला. आडनावाचं शेपूट तोडणं आणि परत जोडणं हे काय असतं, ते परदेशात फॉर्म भरणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

एअरशायर लक्षात ठेवा. जेम्स जॉर्ज स्मिथ नील तिथेच जन्मला, 1810 मध्ये. त्याचा ह्यू ओ'नीलशी रक्ताचा संबंध होता असं मी म्हणत नाही. नाव तेवढं एका झाडाचं. 1827 मध्ये तो कंपनीच्या मद्रास युरोपियन पलटणीत भरती झाला. 1857 च्या मे महिन्यात मेरठला उठाव झाला, तेव्हा तो लेफ्टनंट कर्नल होता आणि त्याला आपल्या फ्युझिलिअर्ससह मद्रासहून कलकत्त्याला बोलावून घेतलं गेलं.

आपण मराठी लोक 1857 म्हटलं की झाशीची राणी, तात्या टोपे, नानासाहेब, फार तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' इतकं घेऊन बसतो. मला कानपूर माहीत होतं, त्याच्या आधीचं अलाहाबाद माहीत नव्हतं. तारखा बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात नील बनारसला पोचला. तिथे शिपायांना निःशस्त्र करण्याचा प्रयत्न फसला, गोळीबार झाला आणि नंतर फाशीचे दोर लटकू लागले. अलाहाबादला 6 जूनला शिपायांनी उठाव करून आपले गोरे अधिकारी मारले. 11 जूनला नील तिथे पोचला. किल्ला हातात होताच. शहर आणि भोवतालची गावं त्याने आठवड्याभरात ताब्यात आणली. गावं जाळली, माणसं झाडांना टांगली. महिनाअखेरीस मेजर रेनॉच्या हाताखाली त्याने कानपूरच्या वाटेवर एक तुकडी धाडली, तीही लेखी हुकूम देऊन: अमुक गावं नष्ट करायची, तिथले पुरुष ठार करायचे. हे आपल्या इतिहासकारांनी रागाने लिहिलेलं नाही. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने कागदपत्रं बघून हे नोंदवलंय आणि ते लिहिताना त्याची लेखणीही अडखळलीय.

कानपूरला सतीचौरा घाटावर नावांतल्या इंग्रजांची कत्तल झाली 27 जूनला. बीबीघरात शंभराहून जास्त युरोपियन बायका-मुलांना मारलं गेलं 15 जुलैला. ते भयंकरच होतं, आणि नानासाहेब आपले म्हणून मी ते झाकून ठेवणार नाही. पण नीलची क्रूरता ही कानपूरच्या दुःखातून आलेली होती, असं जे पुष्कळदा सांगितलं जातं, ते तारखांत बसत नाही. अलाहाबाद आधीचं. कानपूरला तो जुलैच्या विसाव्या तारखेला पोचला आणि 25 जुलैला त्याने तो कुप्रसिद्ध हुकूम काढला: दोषी ठरवलेल्या माणसाने बीबीघराच्या फरशीवरचं रक्त आधी साफ करायचं, नकार दिला तर फटके, आणि मग फाशी. धर्म बुडाल्याची भावना घेऊन माणूस मेला पाहिजे, हाच त्याचा उद्देश होता. बरोबर दोन महिन्यांनी, 25 सप्टेंबरला, लखनौ शहरात शिरताना त्याला गोळी लागली आणि तो तिथेच मेला. त्या दिवशी लखनौवर चालून गेलेले सेनापती होते हॅवलॉक आणि आउट्रम.

हॅवलॉक, आउट्रम, नील. सिंगापुरातल्या वाचकांना आता कळलं असेल. 1858 मध्ये इथल्या पालिकेने बऱ्याच रस्त्यांची नावं बदलली, त्यात हे तीन रस्ते आले. नील रोड त्याआधी सलात रोड होता, मलायमधल्या सामुद्रधुनीच्या शब्दावरून. नावातला एक 'एल' गळाला, बाकी माणूस तोच. सिंगापूरने कलकत्त्याच्या लढाईतले वीर का उचलावेत? कारण सिंगापूर तेव्हा कलकत्त्याहूनच चालायचं. इथली फौज मद्रासच्या देशी शिपायांची, आणि हजारो हिंदुस्थानी कैदी इथे सक्तमजुरीवर रस्ते, इमारती बांधत होते. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांनीच बांधलं. 1857 मध्ये इथल्या गोऱ्या वस्तीची झोप उडाली होती. आपल्याला कलकत्त्याच्या ताब्यातून सोडवा, असा अर्ज व्यापाऱ्यांनी थेट ब्रिटिश संसदेकडे धाडला आणि 1867 मध्ये त्यांची सुटका झालीही. शिपायांच्या बराकींना लागून जाणाऱ्या रस्त्याला आउट्रमचं नाव देताना पालिकेच्या मनात काय असेल, ते तुम्हीच ठरवा. हा आउट्रम आपल्याला परका नाही. खानदेशात धरणगावला 1825 मध्ये भिल्लांची पलटण उभी केली ती त्यानेच. आणि 1915 मध्ये सिंगापुरातच हिंदुस्थानी शिपायांनी बंड केलं, तेव्हा 47 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेकांना उभं केलं होतं आउट्रम रोडच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी, जमलेल्या गर्दीदेखत. ती भिंत आता नाही. मी रोज त्याच भागात उतरून लिफ्टने नवव्या मजल्यावर जाते.

निळ्या रंगाचं एक राहिलं. नीलचे शिपाई डोक्यावर निळी टोपी घालत आणि म्हणून त्या पलटणीला 'नीलच्या निळ्या टोप्या' असं नाव पडलं. माझा निळ्या घराचा गैरसमज अगदीच निराधार नव्हता, असं स्वतःला समजावायला बरं. कंपनी बुडाल्यावर ही पलटण राणीच्या सैन्यात गेली आणि 1881 मध्ये तिचं नाव झालं रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स. निआलच्या नावाची पलटण फिरून निआलच्या देशात पोचली! 1922 मध्ये आयर्लंड स्वतंत्र होताच ती मोडली.

पुतळ्याची गोष्ट माझ्या सहकारिणीची. मद्रासच्या माउंट रोडवर तो 1861 पासून उभा होता. 1927 मध्ये तो हटवण्यासाठी स्वयंसेवक हातोडे, कुऱ्हाडी घेऊन येऊ लागले आणि एकामागून एक तुरुंगात जाऊ लागले. गांधींनी पाठिंबा दिला, अहिंसेची अट घालून. 1937 मध्ये राजाजींचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा पुतळा रस्त्यावरून हलला आणि शेवटी एग्मोरच्या संग्रहालयात गेला. तिच्या आजोबांनी तिला तो बोट दाखवून दाखवला होता. म्हणून तिला माहीत, मला नाही.

आणि अंदमान. माझे आई-बाबा 2016 मध्ये सेल्युलर जेल बघायला गेले होते. सावरकरांची कोठडी बघितली, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी बोटीने नील बेटावर गेले. तिथल्या फलकाखालचा दोघांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. पाणी निळंशार, म्हणून नील बेट, असं बाबा अजून सांगतात. ते बेटही याच नीलचं, आणि शेजारचं हॅवलॉकचं. 30 डिसेंबर 2018 ला त्यांची नावं शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप झाली. ही नावं नेताजींनी 1943 मध्ये अंदमान-निकोबारसाठी सुचवलेली. त्यांनी आझाद हिंद सरकार जाहीर केलं ते सिंगापूरच्या कॅथे इमारतीत. ती इमारत धोबी घाट स्टेशनाला लागून आहे आणि तिथून आउट्रम पार्क मेट्रोने तिसरं स्टेशन. तिकडचं नील बेट बदललं, इकडचा नील रोड तसाच आहे. इथल्या लोकांना तो कोण होता हे ठाऊक नाही, आणि त्यांनी ते ठाऊक करून घ्यावं असा माझा हट्टही नाही.

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. "संस्कृतातला नील आपला. रामाचा सेतू बांधणाऱ्यांतला नील आपला. त्या माणसामुळे आपण आपला शब्द का सोडायचा?" बरोबर होतं. माझंही एक म्हणणं होतं: कागदावर ते नाव रोमन लिपीत जाणार आणि इथला प्रत्येक जण त्याचं स्पेलिंग रस्त्याच्या पाटीसारखं करणार. इथे जन्मनोंदणीला 42 दिवसांची मुदत असते. आम्ही त्यातले बरेचसे वापरले. शेवटी कागदावर पूर्ण नाव गेलं, नीळकंठ, मधल्या 'ळ'सकट, म्हणजे रोमन लिपीत त्याचं जे काय होतं त्यासकट. घरी नील. दवाखान्यात पहिल्याच खेपेला बाईंनी ते लांबलचक नाव बघितलं, हसल्या आणि फाईलवर पेन्सिलीने चार अक्षरं लिहिली: एन, ई, आय, एल.

डिसेंबरात सासरे आले. रोज संध्याकाळी ते नातवाची गाडी ढकलत माझ्याबरोबर चालतात. पाटी वाचून म्हणाले, "हा आपलाच का?" तेव्हा डक्स्टन प्लेनच्या बागेत बाकावर बसवून मी त्यांना हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं त्याच क्रमाने. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. उठताना म्हणाले, "त्या पुतळ्याचं काय केलं म्हणालीस?"

"संग्रहालयात आहे, चेन्नईला."

"बरं," म्हणाले, आणि गाडीचा ब्रेक काढला.